साचा एक, रंग अनेक : आगगाडीच्या रोबोतून तुलनेचा पाठ



सध्या मुलांच्या दप्तरात एक खेळणं हमखास सापडतं. बोटभर लांबीची प्लास्टिकची आगगाडी. इंजिनाचं तोंड खाली दाबलं, बाजूचे डबे खाली ओढले, की तिचे हातपाय निघतात आणि गाडीचा रोबो होतो. जत्रेत मिळते, पेणच्या बाजारात मिळते, कधी कधी खाऊच्या डब्यासोबतही येते. लाल, निळी, हिरवी, पिवळी. एखाद्याकडे एक असते, एखाद्याकडे चार.

शाळेत खेळणं आणलं म्हणून आपण ते काढून कपाटात ठेवतो. पण तिसरी-चौथीच्या वर्गाला तुलना, वर्गीकरण आणि निरीक्षण शिकवायला याहून सोपं साधन मिळणार नाही. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये खेळ आणि खेळण्यांतून शिकण्यावर भर आहे. त्यासाठी वेगळं साहित्य विकत आणायलाच हवं असं नाही. मुलांच्या खिशात आहे ते बाहेर काढायला सांगितलं तरी पुरतं.

या पाठातून मुलांना एकच प्रश्न विचारायची सवय लागावी असं मला वाटतं. समोर "नवीन" म्हणून काही आलं की विचारायचं : यात नक्की काय बदललं? फक्त रंग, की आकार, की काम?

लागणारे साहित्य

रूप बदलणाऱ्या तीन-चार आगगाड्या (मुलांनी आणलेल्या), एक भिंग, पट्टी, कोरा कागद, रंगीत खडू. शक्य असेल तर एखाद्या मोठ्या भावाची किंवा बहिणीची जुनी गाडीही मागवा. पुढे तिचं फार काम पडतं.

पहिली तासिका : सारखे काय, वेगळे काय?

गट पाडा. प्रत्येक गटाला दोन गाड्या द्या, एक लाल आणि एक निळी. फळ्यावर तीन रकाने आखा : सारखे, वेगळे, माहीत नाही.

सुरुवातीला मुलं "रंग वेगळा" एवढंच सांगतात आणि थांबतात. तेव्हा घाई करू नका. पट्टी द्या, मोजायला सांगा. चाकं मोजायला सांगा. कोणता भाग कोणत्या दिशेला वळतो ते बघायला सांगा. दहा मिनिटांत "सारखे" हा रकाना भरून वाहायला लागतो. लांबी सारखी, चाकं सारखी, स्क्रू त्याच जागी, खिडक्या तेवढ्याच, हात त्याच बाजूने निघतो.

मग भिंग द्या. आमच्या वर्गात एका मुलीला लाल गाडीच्या मागच्या चाकाजवळ मोहरीएवढा उंचवटा दिसला. तिने निळी गाडी घेतली, तिथेच तसाच उंचवटा. हिरवी घेतली, तिथेही तोच. "बाई, तिघींना एकाच जागी तीळ आहे!" असं ती ओरडली आणि सगळा वर्ग टेबलाभोवती जमला.

एकाच जागी एकच खोट तीन वस्तूंवर कशी येईल? हा प्रश्न मुलांवरच सोडा. कोणी म्हणेल "मशीनने केलं", कोणी म्हणेल "एकाच कंपनीचं आहे". आमच्या भागात तर उत्तर यायला वेळ लागत नाही. धरमतर, वडखळ, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या मुलांना साचा म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. कोणाचे काका गणपतीच्या कारखान्यात कामाला, कोणाची आई मूर्तींना रंग देते. मागच्या बाकावरून आवाज आला : "साचा एकच आहे."

बरोबर. खोट साच्यात आहे, म्हणून ती प्रत्येक गाडीवर उतरली.

खेळणं बनतं कसं?

इथे थोडी माहिती द्यावी. प्लास्टिकचे बारीक दाणे यंत्रात तापवून वितळवतात. ते पातळ प्लास्टिक पोलादी साच्यात जोराने भरतात. थंड झाल्यावर साच्याचे दोन भाग उघडतात आणि आतल्या खिळ्यांनी तयार भाग बाहेर ढकलतात. म्हणूनच खेळण्याच्या आतल्या बाजूला छोटे गोल ठसे दिसतात, आणि कडेने एक बारीक रेघ जाते. गोल ठसा म्हणजे ढकलणाऱ्या खिळ्याची खूण, रेघ म्हणजे साच्याचे दोन भाग जिथे मिटले ती जागा. मुलांना या दोन्ही खुणा शोधायला सांगा. शोधताना वर्ग अगदी शांत होतो.

आता महत्त्वाचा मुद्दा. पोलादाचा साचा बनवणं फार खर्चाचं असतं. कोरीव काम, मापं, सांधे, सगळं त्यात असतं. रंग बदलणं मात्र स्वस्त असतं. वितळवायच्या दाण्यांत दुसऱ्या रंगाचे दाणे मिसळले की काम झालं. त्यामुळे एकदा साचा तयार झाला की कारखाना त्यातून जितके रंग काढता येतील तितके काढतो. दुकानात त्या "चार नवीन गाड्या" होतात. खरं तर गाडी एकच, चार वेळा रंगलेली.

जुनी गाडी आणली असेल तर आता बाहेर काढा. आमच्याकडे एका मुलाने मोठ्या भावाची विटलेली गाडी आणली होती. रंग उडालेला, पण तीळ त्याच जागी! फरक इतकाच की जुन्या गाडीवरच्या खिडक्यांच्या कडा धारदार होत्या, नव्या गाडीवर बोथट. साचा वर्षानुवर्षं वापरला की झिजतो आणि बारीक नक्षी पुसट होत जाते. म्हणजे तोच साचा पुन्हा वापरून काढलेली नवी खेप कोणती आणि आधीची कोणती, हे कडांवरून ओळखता येतं.

खेळण्यावर कोरलेल्या सालाबाबत एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. पुष्कळ खेळण्यांवर पोटाच्या बाजूला साल कोरलेलं असतं. ते साल बहुतेक वेळा त्या आकाराची मालकी नोंदवल्याचं असतं, खेळणं बनल्याचं असेलच असं नाही. साल साच्यातच कोरलेलं असल्याने वीस वर्षांनी काढलेल्या खेपेवरही तेच उमटतं. छापलेली प्रत्येक गोष्ट नीट समजून वाचायची असते, याचा हा छान धडा आहे.

जगातली उदाहरणे

रूप बदलणाऱ्या रोबोंची कहाणी मुलांना आवडते. जपानमधल्या टाकारा कंपनीची डायक्लोन नावाची खेळणी होती. अमेरिकेतल्या हॅस्ब्रोने त्यांतली बरीच खेळणी घेतली, त्यांना नवी नावं आणि नवी गोष्ट दिली आणि 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स म्हणून बाजारात आणली. साचे तेच होते.

त्या वर्षी एक गंमत झाली. बम्बलबी नावाची छोटी गाडी आपल्याला पिवळी म्हणून माहीत आहे, पण ती पिवळ्या आणि लाल अशा दोन्ही रंगांत विकली गेली. विमानांचं तर याहून पुढे. एकाच साच्यातून तीन रंगांची तीन विमानं काढली आणि तिघांना स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवॉर्प अशी तीन वेगळी नावं दिली. रंग बदलला, नाव बदललं, स्वभावही वेगळा सांगितला. मुलांना तीन पात्रं मिळाली, कारखान्याला साचा एकच लागला.

आगगाड्याही मागे नाहीत. डायक्लोनमध्ये सहा आगगाड्यांचे रोबो होते आणि सहा मिळून एक मोठा रोबो होत असे. पुढे जपानमध्ये ते ट्रान्सफॉर्मर्स नावाने पुन्हा निघाले. त्यातली एक गाडी जपानच्या पहिल्या बुलेट ट्रेनवर बेतलेली, पांढरी-निळी. दुसरी पांढरी-हिरवी, तिचं नाव युकिकाझे, म्हणजे बर्फाचा वारा. हे नाव का, ते पुढे येतं.

आता जुनं खेळणं पुन्हा काढताना कधी कधी बदलावं लागतं. ट्रान्सफॉर्मर्समधला ऑप्टिमस प्राइम हा ट्रक 2002 मध्ये अमेरिकेत पुन्हा काढला, तेव्हा त्याच्या धुराच्या उंच नळ्या आखूड केल्या होत्या. कारण सुरक्षिततेचे नियम कडक झाले होते. टोकदार नळी मुलाला लागू नये. पाहा, वरवर "तेच खेळणं", पण निरखून पाहिलं तर मधल्या वर्षांत कायदा कसा बदलला ते त्यावर दिसतं.

आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर गोव्याचं आहे. फनस्कूल कंपनी 1987 मध्ये सुरू झाली, आणि गोव्यातल्या कोरली इथे तिचा कारखाना आहे. हॅस्ब्रोच्या साच्यांतून तिथे जी. आय. जो या सैनिकांच्या बाहुल्या निघाल्या. अमेरिकेतल्या बाहुलीपेक्षा रंग पुष्कळदा वेगळे. आपल्याकडच्या मुलांनी तेव्हा ती साधी खेळणी म्हणून मातीत खेळवली. आज जगभरातले संग्राहक तेच वेगळे रंग शोधत असतात. एकाच साच्याची वस्तू, पण रंगामुळे तिची जागा आणि काळ ओळखू येतो.

खऱ्या आगगाडीकडे

दुसऱ्या तासिकेत खेळण्यावरून खऱ्या गाडीकडे या. आमची मुलं दिवा–रोहा मार्गावरच्या गाड्या रोज पाहतात. पेणवरून जाणारी मुंबई–मडगाव वंदे भारत त्यांना पाठ आहे. तिला 27 जून 2023 रोजी हिरवा झेंडा दाखवला. गाडी पांढरी-निळी. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला केरळमध्ये कासरगोड–तिरुवनंतपुरम मार्गावर केशरी-करड्या रंगाची वंदे भारत धावली. फोटो पाहून मुलं म्हणतात, "नवीन गाडी!"

आता आपला प्रश्न विचारा : काय बदललं?

आकार तोच. काम तेच. रंग बदलला. पण एवढंच नाही. आतल्या काही गोष्टीही सुधारल्या होत्या. आसनाची पाठ जास्त मागे झुकते, हात धुण्याचं भांडं खोल केलं. म्हणजे इथे रंगासोबत थोडं कामही बदललं.

जपानचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. 1964 मध्ये सुरू झालेली पहिली बुलेट ट्रेन पांढरी-निळी. 1982 मध्ये उत्तरेकडच्या बर्फाळ भागासाठी दुसरी गाडी आली. चेहरा जवळजवळ तसाच, पट्टा मात्र हिरवा. आणि आत? बर्फ यंत्रात शिरू नये म्हणून खास बंदोबस्त. हिरवा पट्टा पाहून लोकांना कळायचं, ही बर्फातली गाडी. म्हणून त्या खेळण्याचं नाव बर्फाचा वारा!

फळ्यावर आता तीन ओळी लिहा :

1. फक्त रंग बदलला : जत्रेतली लाल आणि निळी गाडी.
2. रंगासोबत थोडं काम बदललं : केशरी वंदे भारत, हिरवी बुलेट ट्रेन.
3. रंग तोच, पण आकार बदलला : आखूड नळीचा ट्रक.

मुलांना प्रत्येक ओळीसाठी घरातली दोन-दोन उदाहरणं आणायला सांगा. साबणाचं नवं वेष्टन, बिस्किटाच्या पुड्याचं नवं चित्र, आईच्या मिक्सरचं नवं भांडं. बिस्किटाच्या पुड्याबाबत एका मुलाने वजन पाहिलं आणि वर्गात सांगितलं, "चित्र नवीन आहे आणि वजन कमी झालंय." ही चौथी ओळ मुलांनी स्वतः फळ्यावर लिहिली.

मग रंग म्हणजे काहीच नाही का?

इथे पाठ थांबवला तर मुलं चुकीचा अर्थ घेऊन जातील. रंग फसवतो, रंगाला किंमत नाही, असा. तो आपल्या गावात तरी शोभणार नाही.

पेण परिसरातल्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती साच्यातून निघते तेव्हा ती कच्ची असते. सांध्याची रेघ घासायची, भेगा भरायच्या, पांढरा हात मारायचा. मग अंगाचा रंग, पीतांबर, शेला, दागिने, शेवटी डोळ्यांची आखणी. कितीतरी कच्च्या मूर्ती इथून बाहेरगावी जातात आणि तिथे रंगतात. एकाच साच्यातल्या दहा मूर्ती शेजारी ठेवल्या तरी आखणी करणारा हात वेगळा असेल तर दहा चेहरे वेगळे वाटतात. आखणी सगळ्यांना जमत नाही. त्या हाताला कारखान्यात मान असतो.

म्हणजे प्लास्टिकच्या गाडीत साचा महाग आणि रंग स्वस्त. मूर्तीत मात्र रंगकाम हेच मोठं कष्टाचं काम. दोन्हीकडे "साचा एक, रंग अनेक" हेच वाक्य लागू पडतं, पण त्याचा अर्थ उलटा होतो. म्हणून मुलांना दुसरा प्रश्नही द्यावा : हा रंग कोणी दिला आणि कसा? दाणे मिसळून यंत्राने दिला, की माणसाने बसून हाताने?

ज्या मुलांच्या घरी रंगकाम चालतं, त्यांना या वेळी बोलू द्या. एरवी वर्गात हात वर न करणारी मुलं या तासाला पाच-पाच मिनिटं बोलतात. आईच्या हातात कुंचला कसा असतो, सोनेरी रंग शेवटी का लावतात, हे ती सांगतात आणि बाकीचे ऐकतात. परिसर अभ्यासाचा याहून चांगला तास कोणता?

गणिताची जोड

गाडीचं अंग तीन रंगांत (लाल, निळा, हिरवा) आणि चाकं दोन रंगांत (काळी, पांढरी). एकूण किती वेगळ्या गाड्या होतील? मुलांना आधी कागदावर चित्रं काढून रंगवू द्या. सहा होतात. मग रोबोचं डोकं दोन रंगांत करा. आता बारा. चित्र काढता काढता मुलांना स्वतःच कळतं की 3 × 2 × 2 करायचं आहे. गुणाकार म्हणजे काय हे पाढ्यापेक्षा इथे जास्त पटतं.

पुढचं उदाहरण पैशाचं : एक गाडी 80 रुपयांना. सगळ्या बारा घ्यायच्या तर किती? 960 रुपये. साचे किती मिळाले? एक. हे उत्तर फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

"डुप्लिकेट" हा शब्द

या पाठाचं सर्वात मोठं कारण हे आहे. वर्गात खेळणी आली की "ओरिजिनल" आणि "डुप्लिकेट" सुरू होतं. ज्याच्याकडे मोठ्या दुकानातली गाडी आहे तो जत्रेतल्या गाडीला हसतो. जत्रेतली गाडी आणणारं मूल ती पटकन खिशात घालतं.

तुलना शिकवताना नियम ठेवा : वस्तूबद्दल बोलायचं, वस्तू आणणाऱ्याबद्दल नाही. "तुझी गाडी हलकी आहे" असं वाक्य नको. "या गाडीचं वजन कमी आहे, सांधा सैल आहे" असं वाक्य हवं. भाषेच्या तासाला हीच विशेषणं घ्या : सैल, घट्ट, बोथट, धारदार, गुळगुळीत, खरखरीत. ज्या मुलाकडे असे नेमके शब्द असतात, त्याला "डुप्लिकेट" हा एक शब्द वापरून दुसऱ्याला खाली दाखवायची गरज उरत नाही.

आमच्या वर्गात तीळ सापडल्यावर असं लक्षात आलं की दुकानातली एक गाडी आणि जत्रेतली एक गाडी यांना तीळ एकाच जागी आहे. खोका वेगळा, किंमत वेगळी, साचा तोच. त्यानंतर "डुप्लिकेट" म्हणणारे बरेच गप्प झाले.

पालकांसाठी

पालकहो, मूल चौथ्या रंगाची गाडी मागतं तेव्हा थेट "नाही" म्हणू नका आणि थेट घेऊही नका. त्याला विचारा, "घरच्या गाडीत आणि हिच्यात काय वेगळं आहे?" त्याने नीट पाहून उत्तर दिलं तर पुढचा निर्णय दोघांनी मिळून घ्या. कधी कधी मूल सांगतं, "मला दोन रंग हवेत, दोघांची शर्यत लावायचीय." हेही खरं कारण आहे. खेळात रंगाचं काम असतं.

घेताना मात्र तीन गोष्टी पाहा. भारतात 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, ते खोक्यावर शोधा. धाकटं भावंडं तीन वर्षांच्या आतलं असेल तर सुटे होणारे बारीक भाग घरात नकोत, ती ती गिळतात. आणि डोळे चमकणाऱ्या रोबोत बटणासारखी चपटी बॅटरी असते. तिचं झाकण स्क्रूने बंद असायलाच हवं. मुलाने ती गिळली अशी शंका जरी आली तरी वाट न पाहता लगेच दवाखाना गाठा. अन्ननलिकेत अडकली तर थोड्या तासांत आत गंभीर जखम होते.

मूल्यमापनासाठी प्रश्न

1. दोन वस्तू एकाच साच्यातल्या आहेत हे कोणत्या दोन खुणांवरून ओळखाल?
2. जुनी खेप आणि नवी खेप यांत कडा कशा दिसतात? का?
3. खेळण्यावर कोरलेलं साल नेहमी बनवल्याचं असतं का?
4. रंगासोबत कामही बदललेली एक वस्तू सांगा.
5. प्लास्टिकची गाडी आणि गणपतीची मूर्ती यांच्या रंगकामात काय फरक आहे?
6. "डुप्लिकेट" हा शब्द न वापरता दोन गाड्यांची तुलना पाच वाक्यांत लिहा.

सहावा प्रश्न सर्वांकडून लिहून घ्या. निबंधाच्या वहीतल्या पुष्कळ निबंधांपेक्षा ही पाच वाक्यं सरस येतात, कारण मुलं जे लिहितात ते त्यांनी स्वतः पाहिलेलं असतं.

पाठ दोन तासिकांचा आहे, गरज वाटली तर तिसरी घ्या. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा मोठा करून दाखवा. पेणपासून लांब असाल तर गणपतीच्या कारखान्याऐवजी तुमच्या गावातला कुंभार, वीटभट्टी किंवा चकलीचा सोऱ्या घ्या. सोऱ्याची चकती तीच ठेवली आणि पीठ बदललं, तर चकली नवी की जुनी? वर्गाला विचारून पाहा, तास संपेपर्यंत वाद थांबणार नाही.